बाहेरचे दोन गडी आणि बाकावरचा पोरगा

इंझोरी हे वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील गाव. विहाराच्या जागेच्या कागदपत्रांसाठी मागे आम्ही तेथे गेलो होतो. कागदाचे काम तासाभरात आटोपले, पण गावातील पोरांनी आम्हाला उठू दिले नाही. त्यांच्यापुढे एक तंटा होता आणि त्यांना तो आमच्याकडून सोडवून हवा होता.

तंटा क्रिकेटचा. तूर निघून शेते मोकळी झाली की परिसरात टेनिस बॉलचे सामने भरतात. गावाच्या संघाने बाहेरून दोन गडी आणायचे ठरविले होते. दोघेही पस्तिशी ओलांडलेले. एकेकाळी तालुक्याच्या मैदानांवर नाव गाजविलेले, आता कोणत्याच संघाच्या पहिल्या पसंतीत नसलेले. त्यांची मागणीही फार नव्हती. गाडीचे पेट्रोल, दोन वेळचे जेवण आणि संघ जिंकला तरच बक्षिसातला वाटा. हरले तर पेट्रोलाचे पैसे गेले असे समजायचे. कप्तानाचे म्हणणे सरळ होते, "साहेब, दोन गडी बाहेरून आनले तर काय झालं? कप तं आपल्याच गावात येते ना!"

भिंतीला टेकून उभा असलेला सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा तोवर गप्प होता. तो एवढेच म्हणाला, "मंग आमी काय पानीच पाजाचं काय?"

"तुम्ही कायद्याचे मानूस, तुम्हीच सांगा," असे सर्वांनी आम्हाला म्हटले. वकिलाला तारीख मागण्याची सवय असते. आम्हीही तारीख मागून घेतली. प्रस्तुत लेख हे त्या पोरांना दिलेले आमचे लेखी उत्तर आहे. प्रश्न एका गावाचा नसल्यामुळे ते सर्वांसमोर मांडीत आहोत.

हा सौदा असतो तरी काय?

इंझोरीच्या कप्तानाने जो हिशेब मांडला, तोच हिशेब जगभरातील मोठमोठे संघ मांडीत असतात. अमेरिका आणि कॅनडात बर्फावरची हॉकी खेळली जाते. तेथे मोसमाच्या उत्तरार्धात खेळाडूंच्या अदलाबदलीची एक शेवटची तारीख असते. ती जवळ आली की विजेतेपदाची आशा असलेले संघ दुसऱ्या संघांतील जुनेजाणते खेळाडू मागून घेतात. हे काही संघाचे तारे नसतात. कोणी जखमी झाला, कोणी कच खाल्ली, तर त्या जागी उभा करता यावा, असा राखीव फळीतील अनुभवी माणूस त्यांना हवा असतो. बदल्यात द्यावे लागते ते थोडेच. म्हणून त्या सौद्याला कमी जोखमीचा सौदा म्हणतात.

आपल्याकडे आयपीएलमध्येही अशी अदलाबदल होते. पालघरचा शार्दूल ठाकूर याचे उदाहरण घ्या. २०२४ च्या नोव्हेंबरमधील लिलावात त्याला कोणी घेतले नाही. २०२५ च्या मोसमात लखनौने त्याला एका जखमी गोलंदाजाच्या जागी २ कोटी रुपयांत घेतले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या संघाने त्याच २ कोटींत त्याला लखनौकडून आपल्याकडे ओढले. तेव्हा त्याचे वय ३४ आणि रणजी स्पर्धेत तो मुंबईचा कर्णधार. ज्या बाजारात एकेका खेळाडूवर १८ कोटी लावले जातात, तेथे २ कोटींत कसोटी खेळलेला, गोलंदाजी आणि फलंदाजी दोन्ही करणारा माणूस मिळत असेल, तर संघाच्या दृष्टीने यात गमावण्यासारखे काय आहे?

संघाच्या दृष्टीने काहीच नाही. परंतु आम्ही न्यायालयात रोज पाहतो की, "यात कोणाचे काहीच नुकसान नाही" असे जेव्हा एक पक्ष सांगतो, तेव्हा नुकसान झालेला माणूस बहुधा न्यायालयाबाहेरच बसलेला असतो. म्हणून या सौद्याची नीट उलटतपासणी व्हावयास हवी. त्यासाठी मुंबई-लखनौला जाण्याचेही कारण नाही. खरा दाखला आपल्या विदर्भातच घडलेला आहे.

विदर्भाने काय केले?

विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडक खेळत आला. कित्येक दशके त्याची गणना दुबळ्या संघांत होत असे. मुंबई, कर्नाटक, दिल्ली यांनी यायचे, जिंकायचे आणि जायचे, ही रीतच पडून गेली होती. भारतीय क्रिकेट मंडळाच्या नियमानुसार राज्य संघाला बाहेरचे जास्तीत जास्त ३ व्यावसायिक खेळाडू घेता येतात. या नियमाचा आधार घेऊन विदर्भाने २०१४-१५ मध्ये तामिळनाडूचा सुब्रमण्यम बद्रीनाथ आणि कर्नाटकचा गणेश सतीश यांना आणले. पुढच्याच वर्षी, २०१५-१६ मध्ये, मुंबईचा वसीम जाफर आला.

जाफर तेव्हा ३७ वर्षांचा होता. ३१ कसोटी खेळलेला, वेस्ट इंडीज आणि पाकिस्तानविरुद्ध द्विशतके ठोकलेला, मुंबईसाठी रणजी करंडक उचललेला. पण भारतीय संघाची दारे त्याच्यासाठी कधीच बंद झाली होती. बाजाराच्या भाषेत सांगायचे तर तो उतरत्या भावाचा माल होता.

सौद्यात जोखीम नव्हती असे नाही. २०१६-१७ चा मोसम जाफर दुखापतीमुळे खेळूच शकला नाही. ज्या माणसासाठी पैसे मोजले, तो वर्षभर मैदानाबाहेर! अशा वेळी संघटनेने करार मोडला असता तर तिला कोणी दोष दिला नसता. परंतु संघटनेने त्याला वाऱ्यावर सोडले नाही आणि त्यानेही त्याची जाण ठेवली. २०१७-१८ चा मोसम तो विदर्भ संघटनेकडून मानधन न घेता खेळला. कागदावरच्या करारापेक्षा माणसामाणसांतील हा करार आम्हाला अधिक मोलाचा वाटतो.

त्या मोसमात काय घडले हे विदर्भातील शेंबडे पोरही सांगेल. प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित आले. कर्णधार फैज फजल याने ९१२ धावा काढल्या. उपांत्य सामन्यात कोलकात्याच्या मैदानावर विदर्भाने कर्नाटकला अवघ्या ५ धावांनी हरविले. इंदूरला झालेल्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने हॅटट्रिक घेतली, अक्षय वाडकरने शतक ठोकले आणि १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने दिल्लीला ९ गडी राखून धूळ चारली. जाफरने पहिल्या डावात ७८ धावा केल्या आणि विजयाचा फटकाही त्याच्याच बॅटमधून निघाला. विदर्भाचे हे पहिले रणजी विजेतेपद.

पुढच्या वर्षी, २०१८-१९ मध्ये, जाफरने वयाच्या एकेचाळिशीत मोसमात १०३७ धावा काढल्या आणि नागपुरात सौराष्ट्राला हरवून विदर्भाने करंडक राखला. मुंबईबरोबर ८ आणि विदर्भाबरोबर २ अशी रणजीची १० विजेतेपदे नावावर घेऊन २०२० मध्ये जाफर निवृत्त झाला.

जमेची बाजू

आता हिशेब करू. जमेच्या बाजूला दोन करंडक तर आहेतच. पण आमच्या मते खरी जमा करंडकाच्या कपाटात नाही. अंतिम सामन्यातील धावफलक पुन्हा वाचा. हॅटट्रिक गुरबानीची, शतक वाडकरचे, मोसमात सर्वाधिक धावांचा भार फजलचा. २०१९ च्या अंतिम सामन्यात ११ बळी घेणारा आदित्य सरवटेही विदर्भाचाच. बाहेरून आलेला माणूस खांब होता, परंतु घर गावच्या लोकांनी बांधले. मुंबईसारख्या जिंकण्याची सवय असलेल्या ड्रेसिंग रूममधून आलेला माणूस शेजारी बसतो, नेटमध्ये आपल्याइतकाच घाम गाळतो, बाद झाला की आपल्यासारखाच चरफडतो, तेव्हा वीस वर्षांच्या पोराच्या मनातील "आपण हरायलाच आलो आहोत" हा समज गळून पडतो. पिढ्यान्पिढ्या खाली बसविलेल्या माणसाला वर बसता येते, हे आधी डोळ्यांनी पाहावे लागते. हे आपल्या वाचकांना आम्ही वेगळे सांगावे असे नाही.

हाच प्रयोग पुढे दुसऱ्यांदा झाला. कर्नाटकचा करुण नायर, कसोटीत त्रिशतक केलेला, पण स्वतःच्या राज्याच्या संघातून वगळला गेलेला. तो २०२३-२४ मध्ये विदर्भाकडे आला. त्याच वर्षी दिल्लीचा ध्रुव शोरेही आला. २०२४-२५ च्या मोसमात करुणने रणजीत ८६३ धावा केल्या. केरळविरुद्ध नागपुरात झालेल्या अंतिम सामन्यात ८६ आणि १३५ धावा काढल्या आणि पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. या कामगिरीच्या बळावर त्याच वर्षी इंग्लंड दौऱ्यासाठी त्याला भारतीय संघात परत घेण्यात आले. म्हणजे सौदा दोन्ही पक्षांना फळला.

पण पुन्हा तेच पाहा. त्या मोसमात विदर्भाकडून सर्वाधिक ९६० धावा करणारा यश राठोड, अंतिम सामन्यात १५३ धावा करून सामनावीर ठरलेला दानिश मालेवार आणि ६९ बळी घेऊन रणजीच्या एका मोसमाचा विक्रम मोडणारा हर्ष दुबे हे विदर्भाच्याच मैदानांवर वाढलेले. करुण नंतर कर्नाटकाकडे परत गेला. तो गेल्यावर २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये विदर्भाने शेष भारताला ९३ धावांनी हरवून इराणी करंडक जिंकला. पाहुणा गेला आणि घर पडले नाही. सौदा चांगला होता की वाईट, हे पाहुणा असताना कळत नाही. तो गेल्यावर कळते.

याच्या उलट दाखलाही समोर ठेवतो. २०१८-१९ मध्ये सिक्कीम रणजीत नव्याने आला. दिल्लीहून आणलेल्या मिलिंद कुमारने त्यांच्यासाठी एका मोसमात १३३१ धावा काढल्या. त्या वर्षी देशात कोणीही त्याच्याइतक्या धावा केल्या नाहीत. पण गटातून वर गेला तो उत्तराखंड. सिक्कीमला वर जाता आले नाही. एका माणसाच्या धावांनी सामना जिंकता येतो, संघ मोठा होतोच असे नाही. यात मिलिंदचा दोष काहीच नाही. खांब मजबूत होता, पण भिंतींना अजून वेळ हवा होता.

जोखीम नेमकी कोणाची?

आता नावेची बाजू. विदर्भात जिल्हे ११ आणि संघात जागाही ११. त्यातील ३ बाहेरच्यांना दिल्या की उरल्या ८. या आठांत नागपूरच्या मोठ्या क्लबांतील पोरे आधी येणार, कारण मैदान तेथे, प्रशिक्षक तेथे, निवड करणाऱ्यांची नजर तेथे. इंझोरीच्या पोराने कारंजा, अमरावती करीत नागपूर गाठायचे, कोणाच्या तरी खोलीवर पथारी टाकायची आणि लेदर बॉलचा सराव शोधायचा. त्याच्या आयुष्यात निवड चाचणीचा दिवस एखाद्याच वेळी येतो. त्या दिवशी जागा आठ आहेत की अकरा, याने त्याला फरक पडतो. संघटना म्हणते, जोखीम कमी. बरोबर आहे! जोखीम कमी झालेली नाही, ती फक्त खांद्यावरून खांद्यावर गेली आहे. संघटनेच्या खांद्यावरून उतरून ती बाकावर बसलेल्या पोराच्या खांद्यावर आली आहे.

उमेश यादवचे उदाहरण आपण अभिमानाने देतो. खापरखेड्याच्या कोळसा खाणीतील कामगाराचा हा मुलगा २००८ मध्ये विदर्भाकडून खेळू लागला आणि २०११ मध्ये विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला. पण त्याची गुणवत्ता ओळखून त्याच्या पाठीशी उभा राहिला तो विदर्भाचा तेव्हाचा कर्णधार प्रीतम गंधे. म्हणजे येथेही जुनाजाणता माणूस होता, पण तो दारात आडवा उभा नव्हता, दार उघडून उभा होता. अनुभवी माणूस संघात असावा की नसावा, हा वादाचा मुद्दाच नाही. तो दाराच्या कोणत्या बाजूला उभा आहे, एवढेच पाहावयाचे असते.

जोखमीचा दुसरा वाटेकरी खुद्द तो अनुभवी खेळाडू. बर्फावरच्या हॉकीत करारात तसे संरक्षक कलम नसेल तर खेळाडूला विचारावेही लागत नाही. आज एका शहरात, उद्या हजार मैलांवर दुसऱ्या शहरात. बायकापोरांची शाळा-बिऱ्हाडे त्याची त्याने पाहावीत. आयपीएलमध्ये मात्र अदलाबदलीसाठी खेळाडूची संमती लागते आणि ते योग्यच आहे. १९४० साली इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने नोक्स विरुद्ध डॉनकास्टर या खटल्यात ठरविले की, एक खाण कंपनी दुसरीत विलीन झाली म्हणून खाणकामगाराच्या नोकरीचा करार त्याला न विचारता नव्या मालकाकडे जात नाही. माणूस हा खाणीतील यंत्र नव्हे की मालकाबरोबर त्याचीही मालकी बदलावी. व्यक्तिगत सेवेच्या कराराचे हे तत्त्व आपल्याकडेही मान्य आहे. विकत घेतली जाते ती सेवा, माणूस नव्हे. ज्यांच्या पूर्वजांनी वेठबिगार भोगली, त्यांनी तरी "आम्ही दोन गडी विकत आणले" अशी भाषा वापरू नये. इंझोरीच्या पोरांना आमची ही पहिली सूचना.

आणि काळाचे चाक कसे फिरते पाहा. २०१९ च्या अंतिम सामन्यात विदर्भाला करंडक मिळवून देणारा आदित्य सरवटे २०२४-२५ मध्ये स्वतःच बाहेरचा खेळाडू म्हणून केरळकडे गेला. वय ३५. त्याच मोसमात त्याच्याचसारख्या डावखुऱ्या फिरकीवर विदर्भाचा तरुण हर्ष दुबे बळींचा विक्रम करीत होता. अंतिम सामन्यात नागपूरच्याच मैदानावर सरवटे केरळकडून विदर्भाविरुद्ध उतरला आणि ७९ धावा काढून गेला. केरळ प्रथमच अंतिम फेरीत पोचले, त्यात या विदर्भपुत्राचाही वाटा आहे. तेव्हा बाहेरच्याचा द्वेष कोणी करावा? आज जो आपल्याकडे बाहेरचा, तो कोठेतरी गावचा आहे. आणि आज जो गावचा, तो उद्या कोठेतरी बाहेरचा ठरणार आहे.

बाळूंचा मातीचा पेला

या विषयावर लिहिताना पळवणकर बाळूंची आठवण टाळता येत नाही. चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची निगा राखीत, नेटमध्ये तासन्तास गोलंदाजी करीत. गोऱ्या फलंदाजांना त्यांची डावखुरी फिरकी उमगत नसे. तेव्हा पुण्याच्या हिंदू क्लबात खल सुरू झाला, या अस्पृश्याला संघात घ्यावे की नाही? शेवटी घेतले. का घेतले? अस्पृश्यता पाप आहे म्हणून नव्हे, गोऱ्यांना हरवायचे होते म्हणून. तोही कमी जोखमीचाच सौदा होता. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सर्वांनी हाताळायचा, पण चहाच्या वेळी त्यांनी बाहेर, वेगळ्या मातीच्या पेल्यात चहा घ्यायचा!

बाळूंनी गोऱ्यांविरुद्ध सामने जिंकून दिले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. १९२० मध्ये चाळिशी ओलांडलेल्या बाळूंना संघातून वगळण्यात आले, तेव्हा त्यांचे बंधू विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध म्हणून खेळण्यास नकार दिला. पुढे १९२३ मध्ये विठ्ठल यांना कर्णधार करणे भाग पडले. बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. त्या राजकारणाचा हिशेब इतिहासाने केव्हाच केला आहे. पण मैदानावर त्यांच्याशी झालेला व्यवहार आपण विसरता कामा नये. त्यातून एकच गोष्ट शिकायची आहे. एखाद्याला आपल्या फायद्यासाठी संघात घेणे आणि त्याला आपल्यातला मानणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. गुणाची किंमत देऊन माणसाचा मान नाकारणारा सौदा कितीही स्वस्त असला तरी तो अन्यायाचाच सौदा.

मग हेच माप इंझोरीला लावून पाहू. बाहेरून येणाऱ्या त्या दोन गड्यांचे जेवण संघाबरोबर एका पंगतीत होणार की पारावर? सामना हरला तर "तुमच्यामुळे हरलो" म्हणून त्यांना परत जायला पेट्रोल मिळणार की नाही? आणि बाकावर बसलेल्या पोराला नुसती पाण्याची बाटली देणार की बॅटही?

आमचा निकाल

दोन्ही बाजू ऐकल्यानंतर आमचे मत असे झाले आहे की, हा सौदा करावा, पण शर्तींवर करावा. शर्ती पुढीलप्रमाणे.

पहिली, संख्या आधी ठरवावी. मंडळाच्या नियमात बाहेरचे तीन आहेत, गावाच्या संघात दोनाच्या पुढे जाऊ नये. आज दोन, उद्या चार, परवा गावाचे फक्त नाव, असे होता कामा नये.

दुसरी, येणाऱ्याने नुसते खेळू नये, शिकवावे. सामन्याच्या आधीचे चार दिवस त्यांनी गावात यावे, पोरांना नेटमध्ये गोलंदाजी करावी, चुका दाखवाव्यात. ज्याला हे मान्य नाही, त्याचा अनुभव आपल्या कामाचा नाही. तो त्याच्याबरोबर आला तसाच निघून जाईल.

तिसरी, ज्यांच्या जागा जातील त्यांना नाव घेऊन सांगावे. "तुझ्या जागी अमुक खेळणार, कारण हे. अमुक सामन्यात मात्र तूच खेळणार." पहिल्या फेरीचे सामने गावच्या पोरांनीच खेळावेत. बाहेरच्यांनी नंतर उतरावे. बाकावर बसणे कोणाला ना कोणाला भागच असते. कारण न सांगता बसविणे हा मात्र अन्याय आहे.

चौथी, पैशाचा व्यवहार कागदावर असावा. किती द्यायचे, हरल्यास काय, जखमी झाल्यास दवाखान्याचा खर्च कोणाचा, हे एका साध्या कागदावर लिहून दोन्ही बाजूंनी सह्या कराव्यात. खेळाच्या मैदानावरील निम्मी भांडणे "तू म्हणाला होतास" यावरूनच होतात.

आणि पाचवी शर्त, जी सर्वांत महत्त्वाची. सौद्याला मुदत असावी. दोन मोसमांनंतर संघाने स्वतःला विचारावे, हे दोघे उद्या आले नाहीत तर आपण उभे राहू शकतो काय? उत्तर "होय" असेल तर सौदा फळला, मग कप घरात असो वा नसो. उत्तर "नाही" असेल तर कपाटात दहा कप असले तरी सौदा बुडीत गेला असे समजावे.

हा विचार केवळ क्रिकेटचा नाही. कोठेही बाहेरून वजनदार, अनुभवी माणूस आणायचे ठरते, तेव्हा सभा मोठी होते, बॅनर मोठा होतो आणि सतरंज्या उचलणारा पोरगा सतरंज्याच उचलीत राहतो. अनुभवी माणूस आणावा, त्याचा मान राखावा, त्याच्याकडून सर्व काही शिकून घ्यावे. पण त्याच्या शेजारी एक जागा आपल्या पोरासाठी राखून ठेवावी, हे त्याला येण्याआधीच सांगावे. खरा मोठा माणूस याला हरकत घेत नाही.

आमचे हे उत्तर आम्ही इंझोरीला आधीच कळविले होते. कप्तान थोडा हिरमुसला, पण त्याने मान्य केले. दोन गडी आले, चार दिवस आधी आले. संघ उपांत्य फेरीत हरला, कप काही गावात आला नाही. काही दिवसांनी भिंतीला टेकून उभा असलेल्या त्या पोराचा आम्हाला फोन आला. आम्ही विचारले, "काय रे, पाणी पाजले काय?"

तो म्हणाला, "साहेब, पयल्या फेरीत खेळलो. आन त्या भाऊनं मले ऑफ कटर शिकवला. पुढच्या वर्षी बाहेरून एकच आनू म्हन्ते कप्तान."

आमच्या मते सौदा फळला.